पुढचा उजवा कोपरा

ओबैदसाहेबांची गाडी रात्रीतून खाली बसते.
म्हैस बसते तशी, आधी पुढचा गुडघा.
सकाळी चावी फिरवली की
कॉम्प्रेसर कण्हत कण्हत तिला उठवतो.
बावीस वर्षांची. काळी.
टपावरचं वार्निश उन्हाने पापुद्र्यांनी सोललेलं.

शारजाच्या सनैय्यात माझ्याआधी तिघांनी तिला पाहिलं.
एकाने कॉम्प्रेसर बदलला,
एकाने हवेचा फुगा,
तिसरा म्हणाला, साध्या स्प्रिंगा टाका साहेब,
आणि विसरून जा.

मी स्कॅनर लावला.
सात दोष, सातही एकदम बोलायला लागले
ग्रामसभेत बोलतात तसे.
अशा वेळी कुणाचंच ऐकायचं नसतं.
सगळे पुसून टाकले.
पुसल्यावर जो परत येतो तो खरा.

एकच आला.
पुढचा उजवा, उंचीचा सेन्सर.
सेन्सर नवा कोरा होता.

ओबैदसाहेब तेवढं एकच म्हणाले होते:
बॅटरीची वायर काढू नकोस.
का, ते मी विचारलं नाही, त्यांनीच दाखवलं.
शेजारच्या सीटच्या दारावर तीन बटणं.
एक त्यांच्या मुलाचं. तीन कुणाचंच नाही.
दोन नंबर दाबलं की सीट हळूहळू पुढे येते,
पाठ जराशी सरळ होते,
आणि जिथे थांबते
तिथे चार वर्षांत कुणी बसलेलं नाही.
वीज गेली तर सीट हे विसरेल का,
मला ठाऊक नव्हतं. खोटं कशाला सांगू.

म्हणून रात्र काढली.
नऊ वाजता टेप लावली, चाकाच्या मध्यापासून कमानीपर्यंत:
एकेचाळीस सेंटिमीटर. खडूने भिंतीवर लिहिलं.
फुग्याला साबणाचं पाणी फासलं, नळीला फासलं.
बुडबुडा नाही.
ऑगस्टची हवा, ओल्या गोधडीसारखी अंगावर.
तुफैल बोनेटला टेकून घोरत होता.

तीन वाजून वीस मिनिटांनी
टक्.
आणि मग एक लांब उसासा.

गळत नव्हती ती.
गळणारं गुपचूप गळतं, आधी टक् म्हणत नाही.
तिने स्वतःहून झडप उघडली होती.
कुणीतरी तिला सांगत होतं की तू फार उंच उभी आहेस,
आणि ती, जुन्या वळणाची,
ऐकून खाली बसत होती.
रोज रात्री. न चुकता.

मला आमचे बापूकाका आठवले, देवरूखचे.
जाऊ दे. कामाचं बोलू.

सीटचे चार बोल्ट काढले, प्लग नाही काढला.
तुफैल आणि बिजॉयने सीट धरली
तान्हं बाळ धरावं तशी, वायरीसकट, तिरकी.
खालचा गालिचा उचलला तर हाताला पाणी लागलं.
एसीची निचरा-नळी वाळूने तुंबलेली;
गार हवेचं पाणी कित्येक उन्हाळे
तिच्याच सीटखाली साठत आलेलं.
मॉड्यूलच्या प्लगमध्ये एक पिन
तांब्याच्या भांड्यावर चढतो तशी हिरवी.
बाकीच्या सतरा लख्ख.

ब्रशने घासली, सुकवली, ग्रीस भरलं.
नळीत वायर घातली तेव्हा
मूठभर वाळू निघाली आणि एक मेलेला नाकतोडा.

पुन्हा एक रात्र, कारण एका सकाळीवर मी विश्वास ठेवत नाही.
नऊला एकेचाळीस.
पाचला एकेचाळीस.
दोन्ही आकडे भिंतीवर अजून आहेत.

ओबैदसाहेब आले ते आधी चाकाकडे गेलेच नाहीत.
शेजारचं दार उघडलं, दोन नंबर दाबला.
सीट पुढे आली, पाठ सरळ झाली, थांबली.
ते उभेच. मी रेंच पुसत राहिलो,
पुसून झालेलाच.

बिलात काय लिहायचं सुचेना.
सेन्सर नाही, फुगा नाही, एकही पार्ट नाही.
शेवटी लिहिलं: पाणी काढलं.
मजुरी दोन रात्री.
त्यांनी तीन रात्रींचे दिले,
आणि गाडी उंच ठेवूनच
स्पीडब्रेकरवरून अगदी सावकाश नेली.